पार्सरसाठी ट्रीच्या नोडचा इंटरफेस कसा आखावा: पायऱ्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

पार्सर म्हणजे कोडचा मजकूर वाचून त्याच्या रचनेची ट्री बांधणारा प्रोग्रॅम, आणि नोड म्हणजे त्या ट्रीचा एकेक घटक. पार्सर लिहायला घेणारे बहुतेक जण नोडचा इंटरफेस सर्वांत आधी आणि सर्वांत घाईत लिहितात. मूल जोडणे, मूल काढणे, पालक देणे, मूल्य काढणे, छापणे, प्रकार तपासणे अशा पंधरा-वीस मेथड पहिल्याच बैठकीत त्यात येऊन बसतात. पुढे व्याकरणात एखादा ऐच्छिक भाग वाढला, त्रुटीसंदेशात नेमकी जागा दाखवायची वेळ आली किंवा एडिटरसाठी अर्धवट कोड वाचावा लागला, की तो इंटरफेस अपुरा ठरतो आणि त्यावर बांधलेले सगळे पुन्हा लिहावे लागते. ट्री बांधणारा पार्सर एकच असतो, ती वाचणारे भाग मात्र अनेक असतात. म्हणून इंटरफेस बांधणाऱ्याच्या सोयीने नव्हे, तर वाचणाऱ्यांच्या गरजेवरून ठरवावा. खालील प्रत्येक पायरी याच सूत्रावर आधारलेली आहे.

उदाहरण म्हणून पगाराचे नियम लिहिण्याची एक छोटी भाषा घेऊ. तिच्यात संख्या, नावे, अवतरणातील मजकूर, चार अंकगणिती क्रिया, ऋणचिन्ह, कंस, फंक्शनला हाक आणि असाइनमेंट एवढेच आहे. एक नमुना ओळ अशी:

`निव्वळ = मूळ + भत्ता * २`

## तयारी: इंटरफेसची एकही ओळ लिहिण्यापूर्वी

ट्री कोण वाचणार, याची यादी कागदावर करावी आणि प्रत्येकासमोर तो नोडला कोणते प्रश्न विचारेल ते लिहावे. त्रुटीसंदेश देणारा भाग विचारतो की चूक मजकुरात कुठून कुठपर्यंत आहे. मूल्य काढणारा भाग विचारतो की क्रिया कोणती आणि तिची डावी-उजवी बाजू कोणती. फॉरमॅटरला टिप्पण्या, मोकळ्या जागा आणि कंससुद्धा हवे असतात. एडिटरला कर्सरखालचा नोड हवा असतो, आणि तोही ओळ अजून पूर्ण झालेली नसताना. या यादीत नसलेल्या कोणासाठीही मेथड लिहू नये.

यादी झाली की एक निर्णय तिथेच घ्यावा: ट्रीमधून मूळ मजकूर अक्षरशः जसाच्या तसा परत मिळायला हवा की नको? फॉरमॅटर किंवा नावे बदलणारे साधन यादीत असेल, तर मोकळ्या जागा आणि टिप्पण्या टोकनांना (नाव, संख्या, चिन्ह अशा मजकुराच्या सुट्या तुकड्यांना) जोडून जपाव्या लागतात; मायक्रोसॉफ्टचा रोझलिन कंपायलर तसेच करतो. केवळ मूल्यमापन आणि त्रुटीसंदेश पुरेसे असतील, तर कंस व स्वल्पविराम गाळलेली साधी एएसटी (फक्त अर्थाला लागणारी रचना ठेवणारी ट्री) ठेवावी. हा निर्णय पुढे ढकलू नये. गाळलेली माहिती नंतर मिळवण्यासाठी लेक्सरपासून, म्हणजे मजकुराची टोकने पाडणाऱ्या भागापासून, सगळे बदलावे लागते.

शेवटी दहा-बारा नमुना ओळी जमवाव्यात आणि त्यांत निदान तीन-चार चुकीच्या असाव्यात: कंस न मिटवलेली, क्रियाचिन्हानंतर काहीच नसलेली, स्वल्पविराम जास्त झालेली. बरोबर ओळींवरून आखलेला इंटरफेस चुकीच्या पहिल्याच ओळीला मोडतो.

तपासणी: प्रत्येक नमुना ओळीची ट्री हाताने काढून पाहावी. जी ओळ कागदावर काढता येत नाही, तिच्याबद्दल व्याकरणाचाच निर्णय बाकी आहे. नोड आखून तो सुटणार नाही.

## पायरी १: नोडच्या प्रकारांची बंद यादी ठरवा

आपल्या भाषेला हे प्रकार पुरतात: संख्या, मजकूर, नाव, ऋण, बायनरी (डावी-उजवी अशा दोन बाजूंची क्रिया), हाक, असाइनमेंट, आणि पुढे पाचव्या पायरीत येणारे चूक व अनुपस्थित हे दोन. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांना चार वेगळे प्रकार देण्याची गरज नाही. बायनरी हा एकच प्रकार ठेवून क्रिया कोणती ते त्याच्या फील्डमध्ये ठेवावे, कारण चारही जणांची रचना सारखीच आहे. वेगळा प्रकार तेव्हाच द्यावा, जेव्हा मुलांची रचना वेगळी असते.

प्रकार ओळखण्यासाठी साध्या मजकुराची नावे वापरणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. एका ठिकाणी नावात एक अक्षर चुकले तर कंपायलर गप्प बसतो आणि तो नोड कुठल्याच शाखेत न जाता निसटतो. भाषेने दिलेली बंद यादी वापरावी: रस्टमध्ये एनम, जावा १७ पासून सील्ड इंटरफेस. जावा २१ पासून स्विचमध्ये पॅटर्न वापरता येतात आणि सील्ड यादीतला एखादा प्रकार हाताळायचा राहिला, तर कंपायलर तो दाखवून देतो. नवा नोड वाढवल्यावर कुठे कुठे हात लावायचा आहे, हे शोधण्याचे काम यामुळे आपल्यावर राहत नाही.

मूल्य काढणे, छापणे, प्रकार तपासणे यांसारखी कामे नोडच्या मेथड म्हणून लिहायची की बाहेर ठेवायची, हा प्रश्न इथेच येतो. भाषेचे व्याकरण ठरलेले असेल आणि ट्रीवरची कामे वाढत जाणार असतील, तर ती बाहेर ठेवावीत. नोडचे प्रकार सतत वाढणार असतील आणि कामे मोजकीच असतील, तर उलट करावे. पार्सरच्या बाबतीत पहिली परिस्थिती कितीतरी अधिक वेळा असते, म्हणून मी कामे बाहेरच ठेवण्याचा आग्रह धरीन.

## पायरी २: नोडची मजकुरातील जागा नेमकी ठरवा

सर्वांत जास्त चुका या पायरीत होतात, म्हणून इथे वेळ द्यावा.

प्रत्येक नोडला सुरुवात आणि शेवट असे दोन ऑफसेट (मजकुराच्या आरंभापासूनची अंतरे) असावेत. सुरुवात धरलेली आणि शेवट वगळलेला, असा अंतराल ठेवावा. म्हणजे लांबी ही साधी वजाबाकी होते, शेजारच्या दोन टोकनांच्या सीमा जुळतात आणि रिकाम्या नोडलाही जागा देता येते. ओळ व स्तंभ नोडमध्ये ठेवू नयेत. प्रत्येक ओळ कुठे सुरू होते याची एक सारणी फाइलसाठी एकदाच करावी आणि गरज पडेल तेव्हा तीत द्विभाजन शोध करून ओळ व स्तंभ काढावेत.

ऑफसेट कशात मोजला, हे इंटरफेसच्या टिप्पणीत स्पष्ट लिहावे. देवनागरी मजकूर असेल तर ही बाब टाळताच येत नाही. `पगार` हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये काना धरून तो चार संकेतांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइटचा. बाइटचा आकडा स्तंभ समजून त्रुटीसंदेशाखाली खूण काढली, तर अशा एकाच शब्दानंतर ती नऊ घरे उजवीकडे सरकते. वेगवेगळी साधने वेगवेगळी मोजणी वापरतात: पायथनच्या एएसटी मॉड्यूलमधील स्तंभ यूटीएफ-८ बाइटमध्ये असतो, तर एडिटरशी बोलणाऱ्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये मूळची मोजणी यूटीएफ-१६ ची आहे आणि ३.१७ आवृत्तीपासून दोन्ही बाजूंनी मिळून दुसरी ठरवता येते. नोडमध्ये एकच मोजणी ठेवावी आणि रूपांतर फक्त बाहेर पडण्याच्या जागी करावे. वरची नमुना ओळ यूटीएफ-८ बाइटमध्ये मोजली, तर तिची ट्री अशी छापली जाते:

```
असाइनमेंट ०–५४
  नाव निव्वळ ०–१८
  बायनरी + २१–५४
    नाव मूळ २१–३०
    बायनरी * ३३–५४
      नाव भत्ता ३३–४८
      संख्या २ ५१–५४
```

हे आकडे स्वतः मोजून पाहावेत. `निव्वळ` मध्ये वेलांटी आणि हलन्त धरून सहा संकेत आहेत, म्हणून अठरा बाइट. (नाव ओळखताना लेक्सर केवळ वर्ण स्वीकारत असेल, तर तो हाच शब्द वेलांटीपाशी तोडतो, कारण मात्रा आणि हलन्त युनिकोडच्या लेखी वर्ण नसून चिन्हे आहेत. नोडचे आकडे विचित्र दिसू लागले, तर आधी लेक्सर तपासावा.)

इशारा: पालकाची जागा मुलांच्या जागांवरून काढू नये. `(मूळ + भत्ता) * २` यात कंस ट्रीमध्ये नसतो. गुणाकाराची सुरुवात डाव्या मुलावरून घेतली, तर ती उघडत्या कंसानंतर पडते आणि संदेशात कंस अर्धा कापलेला दिसतो. पहिल्या आणि शेवटच्या टोकनावरून जागा घ्यावी. पार्सरने प्रत्येक नियमात शिरताना सध्याच्या टोकनाची सुरुवात आणि बाहेर पडताना नुकत्याच वाचलेल्या टोकनाचा शेवट टिपावा. बायनरी क्रियेत मात्र डावी बाजू आधीच वाचून झालेली असते, तेव्हा डाव्या बाजूच्या वाचनाला आरंभ करताना टिपलेला ऑफसेट जवळ ठेवावा लागतो. पुढच्या टोकनाची सुरुवात शेवट म्हणून घेतल्यास मधली मोकळी जागाही नोडमध्ये शिरते.

तपासणी: तीन नियम प्रत्येक चाचणीत आपोआप तपासले जावेत. मुलाची जागा पालकाच्या जागेत सामावलेली असावी. भावंडांच्या जागा एकमेकींवर चढू नयेत. नाव-नोडच्या जागेवरचा मजकूर कापून घेतला, तर तो त्या नावाशी जुळावा.

## पायरी ३: मुलांकडे जाण्याच्या दोन वाटा द्या

पहिली वाट नावाची. बायनरीला डावा, क्रिया आणि उजवा. हाकेला फंक्शन आणि अर्ग्युमेंट. असाइनमेंटला लक्ष्य आणि मूल्य. दुसरी वाट सर्व नोडना समान: मुलांची यादी, मजकुरातील क्रमाने. मूल्य काढणारा भाग पहिल्या वाटेने जातो. कर्सरखालचा नोड शोधणारा किंवा ट्री छापणारा भाग दुसऱ्या वाटेने जातो आणि त्याला नोडचे प्रकार माहीत असावे लागत नाहीत.

केवळ क्रमांकाने मूल देणारा इंटरफेस टाळावा. शून्यावे मूल डावे आणि दुसरे मूल उजवे, असे धरून लिहिलेला कोड व्याकरणात एक ऐच्छिक भाग येताच चुकीचे मूल उचलतो, आणि बहुधा कोणताही दोष न दाखवता उचलतो. ट्री-सिटर या पार्सर बनवणाऱ्या साधनात व्याकरणातच मुलांना फील्डची नावे देण्याची सोय आहे, ती याच कारणासाठी वापरावी.

ऐच्छिक मूल नसेल तर नावाच्या वाटेवर ते नाही असे स्पष्ट कळावे, आणि यादीत मात्र त्याची रिकामी जागा कधीही येऊ नये. यादीत रिकाम्या जागा आल्या, की ट्री फिरणाऱ्या प्रत्येकाला तीच तपासणी पुन्हा लिहावी लागते आणि कोणीतरी ती विसरतो.

मूल जोडणे किंवा पालक ठरवणे यांसारख्या बांधणीच्या मेथड वाचनाच्या इंटरफेसमध्ये ठेवू नयेत. जावासीसी या पार्सर बनवणाऱ्या साधनासोबतच्या जेजेट्रीने तयार केलेल्या नोड इंटरफेसमध्ये दोन्ही एकत्र असतात, कारण तयार झालेला पार्सर त्याच मेथडवर चालतो. पण हाताने लिहिलेल्या पार्सरला तसे करण्याचे कारण नाही. मुले कन्स्ट्रक्टरमध्ये द्यावीत आणि नोड तयार झाल्यावर बदलू नये.

## पायरी ४: पालकाचा दुवा नोडमध्ये घालण्याआधी थांबा

पार्सर मुले आधी आणि पालक नंतर बनवतो, म्हणून मूल बनताना पालक माहीत नसतो. तो दुवा नंतर भरायचा तर नोड बदलता ठेवावा लागतो, आणि एकच उपट्री दोन ठिकाणी वापरली की दुसरा पालक पहिल्याला पुसून टाकतो. ट्रीचे रूपांतर करताना हे हमखास घडते.

लहान भाषेसाठी सोपा मार्ग असा, की पार्सिंग संपल्यावर एक फेरी मारून नोड ते पालक अशी सारणी बनवावी आणि ज्याला हवी त्यालाच ती द्यावी. रोझलिनने हाच प्रश्न दोन थरांनी सोडवला आहे: आतल्या हिरव्या नोडना पालक नसतो आणि जागेऐवजी फक्त रुंदी असते, पालक व नेमकी जागा सांगणारे लाल नोड मागणीनुसार वरून बनवले जातात. एडिटरमध्ये प्रत्येक कळ दाबल्यावर जुनी ट्री शक्य तेवढी पुन्हा वापरायची असेल, तरच एवढा खर्च करावा.

## पायरी ५: चुकीच्या मजकुरालाही नोड द्या

`निव्वळ = मूळ +` एवढेच लिहून ओळ संपली, तर पार्सरने काय द्यावे? अपवाद फेकून थांबणारा पार्सर एडिटरच्या कामाचा नाही, आणि उजव्या बाजूला रिकामा दुवा ठेवणारा पार्सर प्रत्येक वाचकाला अडचणीत टाकतो. इथे बायनरीच्या उजवीकडे अनुपस्थित नोड द्यावा, ज्याची सुरुवात आणि शेवट एकच आहे. आलेली पण न समजलेली टोकने चूक-नोडमध्ये गोळा करावीत. ट्री-सिटर हे दोन्ही प्रकार वेगळे ठेवतो आणि हा भेद उपयोगी आहे: अनुपस्थित नोडसाठी `इथे संख्या किंवा नाव हवे` असा संदेश देता येतो, चूक-नोडसाठी `हा भाग समजला नाही` असा.

आपल्या पोटात कुठे चूक आहे का, याचे उत्तर प्रत्येक नोडने द्यावे. नोड बदलत नसल्यामुळे ते उत्तर बनतानाच मुलांवरून काढून ठेवता येते.

इशारा: मूल्य काढणाऱ्या भागाने मुळाशीच ही खूण तपासावी आणि चूक असेल तर काम नाकारावे. अनुपस्थित नोडचे मूल्य शून्य धरून पुढे जाणारा हिशेब पगाराच्या भाषेत कोणाचा तरी भत्ता गिळतो.

## पायरी ६: ट्री फिरण्याची पद्धत इंटरफेसबाहेर एकदाच लिहा

फिरण्याचा कोड प्रत्येक वाचकाने स्वतः लिहू नये. नोडमध्ये शिरताना आणि नोडमधून निघताना अशा दोन ठिकाणी वाचकाला संधी देणारा एक फिरता भाग लिहावा. शिरताना वाचकाने नको म्हटले, तर त्या उपट्रीत उतरू नये.

हा भाग रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच हाक देत) लिहिला की नमुना ओळींवर उत्तम चालतो आणि नंतर एक दिवस कोसळतो. बेरीज डावीकडून बांधली जाते, म्हणून `अ + ब + क + ड` ची ट्री डावीकडे खोल होत जाते आणि तिची खोली क्रियाचिन्हांच्या संख्येइतकी असते. पार्सर ही साखळी लूपमध्ये वाचत असल्यामुळे त्याला काहीच त्रास होत नाही. पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या नियमात दोन हजार पदांची बेरीज आली, तर त्याच ट्रीवरून रिकर्शनने फिरणारा कोड पायथनच्या एक हजारांच्या मूळ मर्यादेत अडकतो. मग ही चूक पार्सरमध्ये शोधली जाते, जिथे ती नसते. यावर उपाय म्हणजे स्वतःचा स्टॅक वापरणे: प्रत्येक नोंदीत नोड आणि मुले झाली की नाही याची खूण ठेवावी, पहिल्यांदा वर आल्यावर मुले उलट क्रमाने टाकावीत आणि दुसऱ्यांदा आल्यावर निघण्याची संधी द्यावी.

तपासणी: एक लाख बेरजांची ओळ चाचणीतच तयार करून पार्स करावी, छापावी आणि तिचे मूल्य काढावे. याच लांबीचे एकात एक कंस दिले तर पार्सर स्वतः रिकर्शनमध्ये खोल जातो; तिथे खोलीची मर्यादा घालून सरळ संदेश देणे योग्य.

## पायरी ७: नंतर कळणारी माहिती नोडबाहेर ठेवा

नावाचा अर्थ कोणत्या व्याख्येशी जोडला आहे, पदाचा डेटा टाइप काय आहे, ही माहिती पार्सिंगच्या वेळी नसते. तिच्यासाठी नोडमध्ये रिकामी फील्ड ठेवली, की ते फील्ड आता भरले आहे का हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. प्रत्येक फेरीने आपली सारणी वेगळी ठेवावी.

त्या सारणीची किल्ली काय असावी, यात एक खोल खड्डा आहे. जावाच्या रेकॉर्डमध्ये आणि पायथनच्या फ्रोझन डेटाक्लासमध्ये दोन वस्तूंची समानता त्यांच्या घटकांवरून ठरते. दोन वेगळ्या जागी आलेले `भत्ता` जागेच्या फरकामुळे वेगळे राहतात, म्हणून बराच काळ काहीच बिघडत नाही. पण समजा उद्या भाषेत `भत्ता += १००` आले आणि आपण ते ट्रीमध्येच `भत्ता = भत्ता + १००` असे उलगडले. आता दोन्ही `भत्ता` नोडना मूळ मजकुरातील एकच जागा मिळते, ते समान ठरतात आणि सारणीत एकाची नोंद दुसऱ्यावर लिहिली जाते. त्यांतला एक लिहिण्याचे लक्ष्य आहे आणि दुसरा वाचनाचा, तरीही. शिवाय अशी किल्ली शोधताना प्रत्येक वेळी संपूर्ण उपट्रीचा हॅश काढला जाण्याची शक्यता असते. नोड बनताना त्याला एक अनुक्रमांक द्यावा आणि तोच किल्ली म्हणून वापरावा, किंवा वस्तूच्या ओळखीवर चालणारा मॅप घ्यावा.

## पायरी ८: छापून आणि पुन्हा वाचून तपासा

दुसऱ्या पायरीत दाखवली तशी ट्री छापणारे साधन पार्सरबरोबरच लिहावे. प्रत्येक नमुना ओळीचा छापील नमुना चाचणीत ठेवावा. त्यानंतर उलटी दिशा: ट्रीवरून मजकूर तयार करावा, तो पुन्हा पार्स करावा आणि जागा सोडून दोन्ही ट्री जुळतात का पाहावे. `अ - (ब - क)` ची ट्री कंस विसरून `अ - ब - क` अशी छापली गेली, तर ही चाचणी लगेच पकडते, कारण दुसऱ्या वाचनात वजाबाकी डावीकडून बांधली जाते. मूळ मजकूर जपणारी ट्री निवडली असेल, तर चाचणी अधिक कडक ठेवावी: सर्व टोकने आणि त्यांना जोडलेल्या मोकळ्या जागा सलग जोडल्यावर मूळ फाइल बाइटभरही फरक न होता मिळायला हवी, चुकीच्या ओळी धरून.

बाहेरच्या लोकांना हा इंटरफेस देणार असाल, तर त्याआधी प्रकारांची यादी पुन्हा एकदा वाचावी. पायथनमध्ये संख्या, मजकूर, बाइट आणि नामांकित स्थिरांक यांचे वेगवेगळे नोड होते; २०१९ मधील ३.८ आवृत्तीत पार्सर त्या सर्वांसाठी एकच कॉन्स्टंट नोड देऊ लागला, आणि जुने वर्ग पूर्णपणे काढायला ३.१४ पर्यंत वाट पाहावी लागली, कारण अनेक साधने त्यांच्यावर उभी होती. आपल्या यादीत रचना सारखी असलेले दोन प्रकार आढळले, तर ते याच टप्प्यावर एकत्र करावेत आणि पहिल्या पायरीपासूनच्या सर्व तपासण्या पुन्हा चालवाव्यात.